तिला बोलू द्या

दिवाळी आटोपून माझी पत्नी लेकीला घेऊन माहेरहून आमच्या गावी परतली, तेव्हा लेक अडीच महिन्यांची झाली होती. ऑटोतून उतरताच मी तिला हातात घेतले आणि ती रडू लागली. आईने घेताच शांत झाली. त्या संध्याकाळी हे तीन वेळा घडले. अडीच महिन्यांचे बाळ कोणाला नाकारत नसते, ते केवळ ओळखीचा वास, ओळखीचा आवाज आणि ओळखीची पकड शोधत असते, हे आज मला ठाऊक आहे. पण त्या दिवशी ते माझ्या मनाला फार लागले, आणि लागले ते बरेच झाले, कारण तोपर्यंत मी तिच्या वाट्याला फारच थोडा आलो होतो.

मी यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकवतो. पहिले बाळंतपण माहेरी व्हावे ही आमच्याकडची रीत आणि पत्नीचे माहेर वाशिम जिल्ह्यात. शनिवारी शाळा सुटल्यावर निघायचे आणि रविवारी रात्री परतायचे, असे मी आठ-नऊ वेळा केले. त्यातही बहुतेक वेळ लेक झोपलेली असे, आणि जागी असली तर बाळंतिणीच्या खोलीत आजी-मावश्यांच्या गराड्यात असे, जिथे जावयाने किती वेळ बसावे याचेही संकेत ठरलेले असतात.

घरी आल्यावर दुसरा संकेत आड आला. वडीलधाऱ्यांदेखत पुरुषाने स्वतःचे लेकरू घेऊन बसणे आमच्या भागातील अनेक घरांत आजही संकोचाचे मानले जाते. भावाचे किंवा बहिणीचे मूल खांद्यावर बसवून गावभर हिंडणारा माणूस स्वतःच्या मुलाला मात्र आई-वडिलांसमोर हात लावत नसे. माझ्या वडिलांनी मला पहिल्यांदा कडेवर घेतले ते मी चालू लागल्यानंतर, असे आई सांगते. एकत्र कुटुंबात सर्व मुले सर्वांची मानली जावीत, आपले-परके होऊ नये, हा या रीतीमागचा विचार असावा आणि मी त्याला नावे ठेवत नाही. परंतु त्यामुळे बापाच्या वाट्याचे पहिले वर्ष जवळजवळ कोरे जात असे, आणि ते कोरे जाऊ द्यायचे नाही, एवढे मी त्या संध्याकाळी ठरवले.

ठरवले खरे, पण खेळायचे कसे, हे मला येत नव्हते. पहिलीच्या मुलांना रमवण्याची सवय असल्यामुळे मी तिच्यासमोर टाळ्या वाजवीत असे, खुळखुळा हलवीत असे, मोठ्या आवाजात गाणी म्हणत असे आणि एक संपले की लगेच दुसरे सुरू करीत असे. ती काही क्षण पाही, मग मान फिरवी, कधी तिला उचकी लागे, कधी ती मुठी आवळून पाठ ताठ करी आणि शेवटी रडू लागे. मी समजत होतो की तिला मी आवडत नाही. ती दमली आहे आणि थांबा म्हणते आहे, हे मला वाचता येत नव्हते.

लेक तीन महिन्यांची झाली आणि गावातील आशाताई तिला पाहायला आल्या. बाळ ३, ६, ९, १२ आणि १५ महिन्यांचे असताना आशांनी घरी येऊन त्याची वाढ, आहार आणि खेळणे-बोलणे पाहावे, अशी सरकारी योजना आहे. त्यापूर्वी पहिल्या ४२ दिवसांतील त्यांच्या भेटी ठरलेल्या असतात, आणि त्या भेटींचे मूळ आपल्या विदर्भात आहे ही गोष्ट मला अभिमानाने नोंदवावीशी वाटते. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातील स्त्रियांनाच नवजात बाळाची घरी काळजी घेण्याचे शिक्षण दिले. त्यामुळे तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले, आणि पुढे २०११ पासून ही पद्धत देशभरातील आशांच्या कामाचा भाग झाली.

आशाताईंनी वजन घेतले, लसीकरणाचे कार्ड पाहिले, आणि मग मला म्हणाल्या, “सर, तुमी कसे खेळता तिच्याशी, दाखवा बरं.” मी नेहमीप्रमाणे सुरू झालो. त्यांनी अर्धा मिनिट पाहिले आणि म्हणाल्या, “तिले बोलू द्या ना जरा. तुमीच बोलून राह्यले.”

नंतर त्यांनी तिला मांडीवर समोरासमोर घेतले, मानेखाली हात दिला, आपला चेहरा तिच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर आणला आणि हळूच “अंऽऽ” असे म्हणून त्या गप्प बसल्या. त्यांनी डोळे हलवले नाहीत, चुटकी वाजवली नाही, खुळखुळा उचलला नाही. मी मनात आकडे मोजत होतो. पाच झाले, सहा झाले. लेकीचे पाय हलले, मग हात हलले, मग ओठ चंबूसारखे झाले, आणि नऊ-दहाच्या सुमारास तिच्या घशातून एक लहानसा, घोगरा “अंऽ” आला. आशाताई हसल्या आणि त्यांनी तोच आवाज तिला परत दिला. असे चार वेळा झाले. पाचव्या वेळी लेकीने मान बाजूला केली, तेव्हा ताईंनी तिला लगेच खांद्यावर घेतले. “झालं तिचं. आता नाई बोलाव,” एवढेच त्या म्हणाल्या.

तान्ह्या बाळाशी खेळण्याविषयी मला जे काही समजले, त्याचे बीज या दोन मिनिटांत होते. बाळ उत्तर देते, पण आपल्यापेक्षा पुष्कळ सावकाश देते. आपण सहसा तेवढे थांबत नाही, आणि त्याचे उत्तर निघण्यापूर्वीच पुढचा प्रश्न टाकतो. त्या दिवसापासून मी दहा आकडे मोजण्याचा नियम केला. पहिले दोन-तीन दिवस ते दहा आकडे फार लांब वाटले. आठवड्याभरात मला तिची उत्तरे आवाजाच्या आधीच दिसू लागली: भुवया किंचित उचलणे, श्वास भरभर घेणे, पायाची बोटे ताणणे. माझ्याशी ती पहिल्यापासूनच बोलत असणार; मी मात्र तिच्या तोंडातून आवाज निघाला तरच ते बोलणे, असे धरून चाललो होतो.

या विषयावर मी नंतर बरेच वाचले. नवजात बाळाला साधारण २० ते ३० सेंटीमीटरवरचे त्यातल्या त्यात स्पष्ट दिसते, आणि दूध पाजताना आईचा चेहरा नेमका तेवढ्याच अंतरावर असतो. म्हणून खोलीच्या दारातून टाळ्या वाजवणाऱ्या बापापेक्षा जवळ येऊन स्तब्ध बसणारा बाप त्याला अधिक कळतो. आवाजाबद्दल वाचलेली एक गोष्ट मला फार दिवस विसरता आली नाही. अमेरिकेत १९८० साली प्रसिद्ध झालेल्या डीकॅस्पर आणि फायफर यांच्या प्रयोगात असे दिसले की जन्मून तीन दिवसही न झालेली बाळे चोखणी विशिष्ट लयीत चोखून परक्या स्त्रीच्या आवाजाऐवजी आपल्या आईचा आवाज ऐकणे पसंत करतात. पुढे १९८४ साली तसाच प्रयोग वडिलांच्या आवाजावर केला गेला. नवजात बाळांना दोन पुरुषांचे आवाज वेगवेगळे ओळखता येत होते, पण वडिलांच्या आवाजाला त्यांनी विशेष पसंती दिली नाही. आईचा आवाज पोटात असतानाच ओळखीचा झालेला असतो. बापाला ती ओळख जन्मानंतर, दिवसांमागून दिवस, स्वतः करून घ्यावी लागते. हे वाचून मला वाईट वाटले नाही, उलट बळ आले, कारण आता काय करायचे ते स्पष्ट होते.

म्हणून मी तिच्याशी रोज त्याच वेळी, त्याच शब्दांनी बोलू लागलो. सकाळी शाळेत जाण्यापूर्वी तिला छपरीत घेऊन बसायचे, तिचे नाव घ्यायचे, थांबायचे, “कोंबडा आरवला का गं?” असे विचारायचे, थांबायचे. शब्द कोणते आहेत याला या वयात फारसे महत्त्व नाही, मात्र सूर हळू, थोडा उंच आणि लांबवलेला असावा. आमच्या बायका तान्ह्या लेकराशी ज्या हेल काढलेल्या बोलीत बोलतात, ती बोली पुरुषांनी लाजेपोटी टाळू नये; बाळाचे लक्ष त्याच सुराकडे अधिक जाते. बडबडगीत येत असेल तर उत्तमच, आणि येत नसेल तर शेताच्या वाटेवरची झाडे एकेक करून सांगितली तरी चालते. मी तिला आमच्या धुऱ्यावरची झाडे सांगतो: निंब, बोर, पळस, आंबा. प्रत्येक झाडानंतर थांबतो.

चेहऱ्याचा खेळ हा याचाच दुसरा भाग आहे. आपण सावकाश जीभ बाहेर काढावी, तोंड मोठे उघडावे, ओठांचा चंबू करावा आणि पाहत राहावे. दोन-तीन आठवड्यांची बाळेही अशी नक्कल करतात, असे मेल्टझॉफ आणि मूर यांनी १९७७ साली मांडले. नंतरच्या काही संशोधकांना तसे आढळले नाही आणि हा वाद अजून मिटलेला नाही. माझ्यापुरते सांगतो, तिने माझी नक्कल केली की नाही यापेक्षा तिने काढलेले तोंड मी काढून दाखवले की ती किती आनंदते, हे मला महत्त्वाचे वाटले. तिने फुर्र केले की मी फुर्र करतो. तिने सुरू केलेल्या खेळात मी सामील होतो, तेव्हा तो खेळ मी सुरू केलेल्या खेळापेक्षा अधिक वेळ टिकतो.

याच संदर्भात एक चूक सांगणे आवश्यक आहे. शाळेची बरीच माहिती आता मोबाइलवर भरावी लागते आणि डिसेंबरमध्ये मी रात्री लेकीला मांडीवर घेऊन ती भरत बसे. माझा समज असा की ती जवळ आहे, म्हणजे आम्ही सोबत आहोत. एका रात्री पत्नी समोर बसली होती. तिने मला सांगितले, “ती केव्हाची तुमच्याकडे पाहून राहिली आहे. दोनदा हसली, मग आवाज केला, आता पाहणं सोडलं.” एडवर्ड ट्रोनिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात नेमका असा प्रयोग केला होता. खेळत असलेल्या आईने काही वेळ चेहरा पूर्ण निर्विकार ठेवायचा. बाळ प्रथम हसून, मग हात-पाय हलवून, मग आवाज करून तिला परत बोलावू पाहते, आणि तरीही ती येत नाही असे दिसले की नजर फिरवून खचल्यासारखे होते. आई पुन्हा बोलू लागली की बाळही सावरते, हेही त्या प्रयोगात दिसते, त्यामुळे एखाद्या रात्रीच्या चुकीने नाते तुटते असे कोणी मानू नये. तेव्हापासून माहिती भरायची ती लेक झोपल्यावर, असा घरात नियम आहे. रडणाऱ्या बाळासमोर मोबाइलवरची गाणी धरण्याची पद्धत आता खेड्यांतही आली आहे, तिला माझा स्पष्ट विरोध आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनातही एक वर्षाच्या आतील बाळाला पडदा दाखवूच नये, असे सांगितले आहे.

तेल लावणे हा आमच्याकडे खेळ मानला जात नाही, ते काम मानले जाते, आणि ते आजीच्या हातचे काम असते. माझी आई ते फार निगुतीने करते, पण लवकर आटोपायचे या घाईने करते, कारण चुलीवरचे पाणी निवत असते. एका रविवारी मी ते मागून घेतले. हिवाळ्यातले कोवळे ऊन अंगणात आले होते, वारा नव्हता. मी हात एकमेकांवर चोळून गरम केले, तळवे तिला दाखवले, “आता पाय” म्हणालो आणि थांबलो. तिने पाय ताणला, तेव्हा मांडीपासून टाचेपर्यंत हलक्या हाताने तेल लावले. मग “आता दुसरा पाय”. पोटावर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गोल हात फिरवला. नंतर दोन्ही पाय सायकल चालवल्यासारखे सावकाश हलवले, तेव्हा ती खुदकन हसली. ओढाताण, सांधे ताणणे, उलटे धरणे, नाकाकानांत तेल सोडणे, या जुन्या गोष्टी आम्ही बंद केल्या आहेत; डोळ्यांत काजळ घालणेही बंद केले, कारण काजळात शिसे असू शकते. आईला आधी ते रुचले नाही. मात्र तेल लावताना लेक रडेनाशी झाली, हे तिने स्वतः पाहिले, आणि आता तीही “आता हात हं माय” असे म्हणून थांबते.

पालथे झोपवून खेळवणे आमच्या घरी कोणालाच माहीत नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच मार्गदर्शनात असे म्हटले आहे की अजून रांगत-चालत नसलेल्या बाळाला जागेपणी, दिवसभरात थोडे थोडे करून, किमान ३० मिनिटे पोटावर ठेवावे. त्याने मान, खांदे आणि पाठ बळकट होते. गोधडीवर पालथे घालताच लेक सुरुवातीला कुरकुरत असे, म्हणून मी स्वतः उताणा निजून तिला छातीवर पालथी घेऊ लागलो. माझा आवाज वरून येतो हे कळले की ती मान उचलून चेहरा शोधी, दोन क्षण पाही आणि धपकन मान टाकी. पहिल्या दिवशी हे एक मिनिट चालले. जानेवारी संपेपर्यंत ती कोपरांवर रेलून दहा मिनिटे राहू लागली. हे सर्व ती जागी असताना आणि आपली नजर तिच्यावर असतानाच करावे. झोपवताना मात्र बाळाला नेहमी पाठीवरच झोपवावे.

खेळण्यांबद्दल मला फार सांगायचे नाही, कारण फार लागत नाहीत. पत्नीने जुन्या पांढऱ्या कापडावर काळ्या कापडाच्या पट्ट्या शिवल्या. पहिल्या महिन्यांत बाळाला असा ठळक काळा-पांढरा फरक चटकन दिसतो, आणि ते कापड ती बराच वेळ पाहत असे. प्लॅस्टिकच्या लहान बाटलीत ज्वारीचे दाणे घालून, झाकण घट्ट लावून वर चिकटपट्टी गुंडाळली की खुळखुळा होतो. तो रोज तपासावा, कारण सुटा दाणा बाळाच्या घशात अडकू शकतो. लाकडी चमचा, स्टीलची वाटी, निंबाखालची हलती सावली, बैलाच्या गळ्यातल्या घुंगरमाळेचा दुरून आवाज. एवढ्यावर आमचे चार महिने गेले.

एक गोष्ट मात्र कापूसपट्ट्यातील प्रत्येक घराने पाळावी. शेतातून, विशेषतः फवारणी करून आल्यावर, अंघोळ करून कपडे बदलल्याशिवाय बाळाला हातात घेऊ नये. २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने आमच्याच जिल्ह्यात शेतकरी आणि शेतमजूर दगावले. कपड्यांवर बसलेले ते औषध बाळाच्या हातातोंडाशी जाऊ नये.

शेताचे नाव निघाले, म्हणून मनातले बोलतो. डिसेंबरपासून पत्नी वेचणीला जाऊ लागली. मजूर मिळत नव्हते आणि कापूस बोंडातून लोंबत होता. दुपारी एकदा घरी येऊन दूध पाजायचे, पुन्हा जायचे, आणि संध्याकाळी बोंडांच्या टोकांनी चिरलेली बोटे घेऊन चूल पेटवायची. अशा बाईला “बाळासोबत अधिक वेळ खेळा” असे कोणी सांगू नये. तिला वेगळा वेळ नसतो, आणि तो असलाच पाहिजे असेही नाही. दूध पाजताना नजरेला नजर देणे, लंगोट बदलताना पोटावर फुंकर घालणे, न्हाऊ घालताना पाण्याचे थेंब पायावर सोडून थांबणे, हे खेळच आहेत आणि ते कामातच होतात. ज्याच्याकडे मोकळा वेळ आहे, त्याने तो द्यावा. आमच्या गावात सायंकाळी पारावर बसलेल्या बापांकडे आणि आजोबांकडे तो आहे. बाळंतपणानंतर एखादी आई सतत उदास असेल, बाळाकडे पाहावेसेच वाटत नाही असे म्हणत असेल, तर तिला नखरे समजून दटावू नये, डॉक्टरांकडे न्यावे.

माझ्या वडिलांकडे तो वेळ होता. सुरुवातीला मी लेकीला घेऊन छपरीत बसलो की ते उठून कोठ्याकडे जात. जानेवारीत केव्हातरी ते उठेनासे झाले. मग एके दिवशी त्यांनी बसल्या जागेवरून तिला “ओऽ” अशी हाक दिली, जशी ते बैलांना देतात तशी, पण हळू. ती वळली. मी तिला त्यांच्या मांडीवर ठेवले आणि आत गेलो, कारण मी तिथे राहिलो असतो तर त्यांना अवघडल्यासारखे झाले असते.

आता लेक सहा महिने पूर्ण झाली आहे. धुऱ्यावरचा पळस लाल फुलला आहे आणि बाहेरचा खेळ सकाळी नऊच्या आत आटोपावा लागतो. बाबांनी संध्याकाळचा एक खेळ स्वतःकडे घेतला आहे: खांद्यावरचा दुपट्टा तोंडावर ओढायचा आणि हळूच खाली करायचा. तो तिला पाठ झाला आहे; दुपट्टा खाली येण्याआधीच ती हसू लागते. मी त्यांना ज्याँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाबद्दल सांगितले, ज्यांनी स्वतःच्या तीन मुलांचे खेळ बारकाईने पाहून नोंदवले होते की पूर्ण झाकलेली वस्तू बाळ साधारण आठव्या महिन्याच्या सुमारास शोधू लागते. तेव्हापासून ते तिचा लाकडी चमचा दुपट्ट्याखाली ठेवून पाहतात. अर्धा झाकला तर ती ओढून काढते. पूर्ण झाकला की दुपट्ट्याकडे पाहतसुद्धा नाही, बाबांच्या तोंडाकडे पाहत राहते. बाबा काही बोलत नाहीत. ते मांडीवर बोटांनी दहापर्यंत मोजतात आणि मग दुपट्टा उचलतात.